पालेभाजी भरलेले भाजके बटाटे: सारण ओले होऊ नये म्हणून काय करावे?

आंबटचुका (पुणे):
येत्या रविवारी रात्रीच्या जेवणाला आम्ही घरचे सहा जण एकत्र असू: सासूबाई, सासरे, आम्ही दोघे आणि दोन मुले. नेहमीच्या पोळीभाजीऐवजी ओव्हनमध्ये सालासकट भाजलेले मोठे बटाटे, आतला गर काढून त्यात पालेभाजी मिसळून पुन्हा भरलेले, असा बेत करण्याचा विचार आहे. घरी २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे. पालेभाजीला पाणी सुटून सारण पचपचीत होईल आणि साल लिबलिबीत पडेल अशी शंका वाटते. बटाटा कोणता घ्यावा, किती वेळ भाजावा, पालकाखेरीज दुसरी कोणती भाजी चालेल आणि चीज कमीत कमी वापरून सारणाला चव कशी आणता येईल, याविषयी मार्गदर्शन करावे. सासूबाई लसूण खातात, परंतु त्यांना दातांमुळे कडक पदार्थ चालत नाही.

खमंग:
आपली शंका योग्य जागी आहे, कारण या पदार्थात सगळा खेळ पाण्याचा आहे. बटाट्यात वजनाच्या तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते आणि पालकात तर शेकडा ९० हून अधिक. दोन्हींतले पाणी वेगवेगळे घालवून मगच त्यांना एकत्र आणावे.

प्रथम बटाट्याविषयी. भाजण्यासाठी पिठूळ, म्हणजे स्टार्च जास्त असलेला बटाटा हवा. पातळ सालीचा, नखाने साल निघणारा नवा बटाटा रस्सा भाजीला उत्तम, परंतु भाजल्यावर त्याचा गर भुसभुशीत न होता चिकट राहतो. पुण्याच्या बाजारात आग्रा, इंदूर आणि स्थानिक असा माल येतो. मात्र विक्रेत्याला जात विचारून खात्रीचे उत्तर मिळेलच असे नाही. (आपल्याकडच्या बऱ्याच जातींच्या नावाआधी ‘कुफरी’ लागते ते सिमल्याजवळच्या कुफरी या ठिकाणावरून. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची ‘कुफरी ज्योती’ १९६८ पासून शेतात आहे.) त्यापेक्षा घरी परीक्षा करणे सोपे आहे. ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ पूर्ण विरघळवून त्यात बटाटा सोडावा. बुडाला तर तो पिठूळ, तरंगला तर तो रस्साभाजीसाठी ठेवावा. हिरवट झालेले किंवा फार मोड आलेले बटाटे घेऊच नयेत, आणि आणलेले बटाटे फ्रिजमध्येही ठेवू नयेत, कारण थंडीत त्यांतल्या स्टार्चची साखर होऊ लागते, चव गोडसर होते आणि भाजताना रंग लवकर काळवंडतो.

साधारण २५० ग्रॅमचा एक, असे सहा सारख्या आकाराचे बटाटे निवडावेत. ते चोळून धुऊन पूर्ण कोरडे पुसावेत आणि काट्याने सातआठ ठिकाणी टोचावेत. ओटीजीच्या वरखालच्या दोन्ही कांड्या चालू करून तो २०० अंश सेल्सियसवर आधी तापवून घ्यावा. बटाटे ट्रेमध्ये न ठेवता मधल्या जाळीवर, एकमेकांना न चिकटतील असे मांडावेत, म्हणजे गरम हवा सगळीकडून लागते. साधारण एक ते सव्वा तास लागतो. मध्ये एकदा फिरवावेत. विणायची सुई किंवा पातळ सुरी मध्यापर्यंत अडथळ्याविना गेली की बटाटा झाला. शेवटच्या दहा मिनिटांपूर्वी सालीला थोडे तेल आणि मीठ चोळले तर साल खुसखुशीत होते.

बाहेर काढताच लगेच उभा चिरून दोन भाग करावेत. गार होण्याची वाट पाहिली तर आतली वाफ आतच जिरते आणि तिथेच पदार्थ फसतो. कडेने बोटाच्या अर्ध्या जाडीइतका गर राखून बाकीचा चमच्याने काढावा आणि रिकाम्या वाट्या पुन्हा आठदहा मिनिटे ओव्हनमध्ये ठेवाव्यात. गर गरम असतानाच काट्याने मोकळा करावा. मिक्सर किंवा ब्लेंडर अजिबात लावू नये, कारण स्टार्चचे कण फुटून त्याची खळ होते.

रानभाजी (नाशिक):
बटाट्याचे वर आलेच आहे, म्हणून मी फक्त पाल्याविषयी लिहिते. नुसता पालक मला या पदार्थात मिळमिळीत वाटतो. दोन भाग पालक आणि एक भाग मेथी असे प्रमाण घेतले तर मेथीचा कडवटपणा बटाट्याच्या गोडसरपणाला छेद देतो. थंडीत करडईची किंवा हरभऱ्याची कोवळी भाजी मिळाली तर पालक विसरून जावा. लाल माठ घातला तर गर गुलाबी होतो, आणि हिरवे काही दिसले की नाक मुरडणाऱ्या मुलांसमोर त्याचा उपयोग होतो. शेपू मात्र बाकीच्या सगळ्या चवींवर कुरघोडी करतो, तो सर्वांना आवडत असेल तरच घ्यावा. आपल्या नावाला जागून चुका घालायचा असेल तर तो मूठभरच घालावा आणि तोही भाजून झालेल्या गरातच. आंबटात कच्चा बटाटा लवकर मऊ होत नाही, शिजलेल्याला ती भीती नाही.

पाण्यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकात पूर्वीपासून आहे: पीठ पेरणे. सहा बटाट्यांना निवडलेला अर्धा किलो पाला पुरतो. तो परतल्यावर जेमतेम वाटी-दीड वाटी उरतो, म्हणून ढीग पाहून घाबरू नये. पाला धुऊन, निथळून, बारीक चिरावा. पसरट लोखंडी कढईत दोन चमचे तेल चांगले तापवून मोहरी, हिंग, ठेचलेला भरपूर लसूण आणि हिरवी मिरची यांची फोडणी करावी, पाला मोठ्या आचेवर झाकण न ठेवता परतावा आणि मीठ शेवटी घालावे, कारण ते आधी घातले की कढईत तळे साचते. पाणी आटत आले की दोन मोठे चमचे डाळीचे पीठ वरून भुरभुरावे आणि मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परतावे. उरलेला ओलावा पीठ शोषून घेते आणि सारणाला खमंगपणाही येतो. मग हे गरात मिसळावे.

चीजऐवजी मी भरल्या वांग्याचा मार्ग धरते: दाण्याचे जाडसर कूट, भाजलेले तीळ, किसून भाजलेले सुके खोबरे आणि अर्धा चमचा गोडा मसाला. सारण वाट्यांत दाबून न भरता हलके रचावे, वर थोडे कूट आणि तीळ पेरून तेलाचे चार थेंब सोडावेत आणि वरची कांडी चालू ठेवून २०० अंशांवर पंधरा मिनिटे भाजावे. मऊपणासाठी दही घालण्याचा मोह झाला तर चक्का वापरावा, पातळ दही नको. सासूबाईंसाठी तेच सारण सालीशिवाय, काचेच्या छोट्या वाडग्यात वेगळे भाजावे. त्यावर कूट बारीक करून घालावे किंवा घालूच नये.

आंबटचुका (पुणे):
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पीठ पेरण्याची कल्पना मला सुचलीच नसती. आणखी दोन गोष्टी विचारते. वेळ वाचवण्यासाठी बटाटे कुकरमध्ये उकडून मग भरले तर चालतील का? आणि शनिवारी रात्री बटाटे भाजून, फॉइलमध्ये गुंडाळून ओट्यावर ठेवले तर रविवारी ते चांगले राहतील का?

खमंग:
कुकरमधला बटाटा आणखी ओला होतो आणि त्याची साल फाटते, म्हणजे आपण ज्यापासून पळत आहोत तेच पदरात पडते. घाई असेल तर टोचलेले बटाटे मायक्रोवेव्हमध्ये अर्धवट शिजवून पुढे अर्धा तास ओव्हनमध्ये भाजावेत.

थेम्सकाठ (लंडन):
इकडे सालासकट भाजलेला बटाटा म्हणजे रोजचे दुपारचे जेवण. दुकानात मारिस पायपर, किंग एडवर्ड अशा जातींची नावे पाहून तो घेता येतो. कुकरविषयी मी वरच्या मताशी सहमत आहे. फॉइलविषयी मात्र स्पष्टच लिहितो: तसे अजिबात करू नये. भाजताना फॉइल लावले तर वाफ कोंडून साल मऊ पडते, हा झाला चवीचा प्रश्न. भाजलेला बटाटा त्याच फॉइलमध्ये खोलीच्या तापमानाला ठेवणे धोक्याचे आहे. मातीतून आलेल्या बॉट्युलिझमच्या (अन्नातून होणाऱ्या गंभीर विषबाधेच्या) जंतूंची बीजे भाजण्यातून तगतात आणि आत हवा नसलेल्या, ओलसर, कोमट जागी ती वाढून विष तयार करतात. १९९४ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील एल पासो येथे अशाच फॉइलमध्ये भाजून बाहेर ठेवलेल्या बटाट्यांच्या चटणीतून ३० जणांना बाधा झाली होती.

तयारी आदल्या दिवशी करायचीच असेल तर बटाटे उघडेच भाजावेत, चिरून गर काढावा, रिकाम्या वाट्या आणि सारण दोन तासांच्या आत वेगवेगळ्या डब्यांत फ्रिजमध्ये ठेवावे. जेवणापूर्वी सारण कढईत गरम करून घ्यावे, वाट्या दहा मिनिटे तापवाव्यात, मग भरून पंधरा मिनिटे भाजावे. सोबत टोमॅटोचे सार आणि काकडीची कोशिंबीर ठेवली तर मोठ्यांना बटाट्याचे दोन अर्धे भाग पुरतात, मुलांना बहुधा एकच. सासऱ्यांना भाकरीवाचून जेवल्यासारखे वाटत नसेल तर दोन भाकऱ्या आधीच थापून ठेवाव्यात, कारण बटाटे ओव्हनमधून निघाल्यावर थांबवता येत नाहीत.