हायवेत डाळिंबाची बाग चाललीय, हरकत कशी घ्यायची?

प्रश्न (सांगोलाकर):
राष्ट्रीय महामार्गासाठी थ्री-ए ची (जमीन घ्यायचा इरादा सांगणाऱ्या पहिल्या अधिसूचनेची) जाहिरात पेपरात आली, त्यात आमचा गट नंबर आहे. सव्वा एकर जातंय आणि तेही बरोबर मधून, म्हणजे विहीर अलीकडं नि बाग पलीकडं. बाग लावून ६ वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर अजून जिरायतच लागलंय. वडील म्हणतात सरकारपुढं कुणाचं चालतंय. घरी नोटीस आलेली नाही, तोवर थांबू का?

बांधावरचा वकील:
अजिबात थांबू नका! २१ दिवस जाहिरात प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात, नोटीस हातात पडल्यापासून नाही. हरकत लेखी द्या सक्षम प्राधिकाऱ्याकडं, जाहिरातीत नाव असतं, बहुतेक प्रांतच (उपविभागीय अधिकारी) असतात, आणि पोच घ्या. त्यात दराचं रडगाणं नको, दराचा विषय निवाड्याच्या, म्हणजे मोबदला ठरवण्याच्या वेळी, आता विहीर तुटतेय तेवढंच नकाशासकट मांडा. १९५६ च्या महामार्ग कायद्यात जमिनीचे तुकडे पडून होणाऱ्या नुकसानीचाही मोबदला धरायचा असतो, ते लोक मागतच नाहीत.

माणदेशी:
आमची गेली ना भाऊ, म्हणून सांगतो, खरी लढाई संयुक्त मोजणीची, म्हणजे अधिकारी शेतात येऊन जमीन, झाडं, विहीर मोजतात त्या दिवसाची. त्या दिवशी मी लग्नाला गेलो होतो, मोजणीवाल्यांनी झाडं धरली पण जमिनीखालची पाइपलाइन नि बोअर पंचनाम्यात आलंच नाही, नंतर हेलपाटे घालून चपला झिजल्या. तुम्ही स्वतः थांबा, झाडं मोजून घ्या, फोटो काढा, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि तलाठ्याकडं पीकपाहणीची नोंद आजच्या आज बघा, जिरायत राहिलं तर दर तिथंच पडतो.

बांधावरचा वकील:
आणि वडिलांना सांगा, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला पण कलम ३०० अ आहेच, कायद्याशिवाय जमीन काढून घेता येत नाही. थ्री-ए नंतर वर्षाच्या आत थ्री-डी (संपादनाची पक्की घोषणा) निघाली नाही तर पहिली अधिसूचना रद्द होते. मोबदला जमा केल्याशिवाय ताबा मागता येत नाही, मागितला तरी ६० दिवसांची मुदत देतात. बाजारभावावर १०० टक्के दिलासा रक्कमही (सक्तीनं जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम) मिळते. निवाडा कमी वाटला तर लवादाकडं जा, पैसे घेताना 'हरकत राखून' लिहा.

सांगोलाकर:
जाहिरातीला १२ दिवस झालेत, म्हणजे ९ च उरले. उद्या सकाळी वडिलांना घेऊनच प्रांत ऑफिसला जातो, आज रात्री विहिरीचा नकाशा काढतो.