सहा जणांची क्रूझ: मुंबईहून की सिंगापूरहून? खर्च नक्की कुठे वाचतो?

रेवती_सांगली

नमस्कार मंडळी. येत्या दिवाळीच्या सुट्टीत क्रूझला जायचं घरात ठरतंय. आम्ही सहा जण आहोत: मी, नवरा, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने अजिबात चढवत नाहीत. सासरे मूळचे मालवणचे. तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचे, त्यामुळे विषय निघाल्यापासून सगळ्यात जास्त उत्साह त्यांनाच आहे.

बजेट साडेतीन लाख, फार तर चार. एजंटने दोन पर्याय दिलेत: मुंबई-लक्षद्वीप-मुंबई, किंवा सिंगापूरहून मलेशियाला जाऊन येणारी चार रात्रींची. दोन्हींत "सगळं त्यातच आलं" असं तो म्हणतो, पण कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी (म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप) आणि टॅक्स वेगळे लिहिलेत. केबिन तीन धरल्यात. बाल्कनीवाली घ्या म्हणून आग्रहही चाललाय.

कुठली घ्यावी, बाल्कनी खरंच लागते का, आणि पैसे वाचवायचे तर कुठे? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मिलिंद_ठाणे

मुंबईहून जाणार असाल तर शुक्रवारी निघणारी घेऊ नका. आम्ही वीकेंडला गेलो होतो, पूल डेकवर रात्री उशिरापर्यंत डीजे चालू. ऑफिसच्या ग्रुपला ते आवडतं, आईबाबा मात्र कंटाळून केबिनमध्येच बसले. सोमवार-मंगळवारी सुटणारीचं भाडंही कमी असतं आणि लिफ्टसमोर रांग नसते. सुट्टीच आहे तर वार तुमच्या हातात आहे.

वेंगुर्लेकर

रेवतीताई, मी बरीच वर्षं परदेशी क्रूझ शिपवर हाउसकीपिंगला होतो, आता गावी असतो. जे रोज डोळ्यांसमोर घडायचं तेच सांगतो.

आधी तो तीन केबिनचा हिशेब बदलून घ्या. बहुतेक कंपन्यांत पूर्ण भाडं केबिनमधल्या पहिल्या दोघांना लागतं, मग ते दोघं कितीही वयाचे असोत. तिसऱ्या-चौथ्याचं भाडं बरंच कमी, कधीकधी योजनेत नुसते पोर्ट चार्जेस आणि टॅक्स. तुमच्याकडे मोठी माणसं चार. म्हणजे दोन केबिन पुरतात: एक आजी-आजोबांची, एक तुमची, आणि मुलं तुमच्यात तिसरी-चौथी. मुलांना वेगळी केबिन दिली की सात वर्षांच्या मुलीचंही भाडं मोठ्या माणसाइतकं पडतं. शिवाय एवढ्या लहान मुलांना काही तुम्ही रात्री वेगळं झोपवणार नाही. चार जणांच्या केबिनमध्ये जादा बंक छतात दुमडलेले असतात. तुम्ही जेवायला गेलात की स्टुअर्ड, म्हणजे केबिन सांभाळणारा कर्मचारी, येऊन ते उतरवतो, वर चादर-उशी लावतो, शिडी अडकवतो, आणि सकाळी परत वर ढकलतो. मुलगा खूश होईल. मुलीसाठी मात्र सोफा-बेड असलेली केबिन मागा, वरचा बंक तिला नको.

आता दोन्ही पर्यायांची तुलना. जाहिरातीतला "माणशी इतक्यापासून" हा आकडा बाजूला ठेवा. एका कागदावर सहाही जणांचं भाडं, पोर्ट चार्जेस, टॅक्स, ग्रॅच्युइटी, विमान, व्हिसा, विमा, आदल्या रात्रीचं हॉटेल आणि बंदरात उतरल्यावरचा खर्च लिहा. बेरजेला रात्रींनी भागा. दोन्ही सहली अशा मांडल्या की एजंटला काही विचारायची गरजच राहत नाही.

ग्रॅच्युइटीचं उदाहरण देतो. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत ती माणशी, दर रात्री साधारण १६ ते २० डॉलरच्या घरात असते आणि मुलांनाही लागते. १८ डॉलर धरले तर सहा जणांचे चार रात्रींचे ४३२ डॉलर झाले. एवढी रक्कम बारीक अक्षरात असते.

आणि यावर एक मनापासून विनंती. काही लोक शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ग्रॅच्युइटी काढून टाकायला सांगतात, आणि परत आल्यावर पैसे वाचवायची युक्ती म्हणून चारचौघांना शिकवतात. हे करू नका. ज्या कंपन्या ती वेगळी आकारतात, त्यांच्याकडे स्टुअर्डचा मूळ पगार कमी असतो आणि कमाईचा मोठा भाग यातूनच येतो. सकाळी आधीचे प्रवासी उतरतात, दुपारी नवे चढतात, आणि मधल्या काही तासांत तोच पोरगा ओळीने सगळ्या केबिन धुऊनपुसून, चादरी बदलून तयार करतो. आमच्या सिंधुदुर्गात, गोव्यात कितीतरी घरं या पैशावर उभी राहिली, कितीतरी मुली शिकल्या. वाचवायला दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत.

उदाहरणार्थ बाल्कनी. चार रात्रींत तुम्ही केबिनमध्ये असता किती वेळ? मुलं पूलवर, तुम्ही त्यांच्या मागे, आजोबा डेकवर. तुमच्या चौघांना आतली, बिनखिडकीची केबिन पुरे. आजी-आजोबांना मात्र खिडकीवाली घ्या. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो, हातभर अंतरावरचं दिसत नाही, आणि बऱ्याच जहाजांवर बाथरूमच्या दाराला उंबरा असतो. रात्री उठणारी वयस्कर माणसं तिथे ठेचकाळलेली मी किती पाहिली आहेत. कुठलीही केबिन मिळाली तरी बाथरूमचा दिवा लावून दार किलकिलं ठेवायला सांगा.

केबिनची जागा दर्जापेक्षा महत्त्वाची. खालचा मजला आणि जहाजाचा मध्य, तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते, आणि खालच्या मजल्यांचं भाडंही सहसा कमी असतं. लिफ्ट जवळ हवी, पण अगदी लिफ्टच्या समोरची नको, रात्रभर बोलणी ऐकू येतात. पूल डेक किंवा बुफेच्या बरोब्बर खालचीही नको, पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढतात. स्वस्तात "गॅरंटी केबिन" देतो म्हणाले तर तुमच्या बाबतीत नाही म्हणा. त्यात केबिन नंबर कंपनी ठरवते आणि तो कुठल्याही टोकाला येऊ शकतो. सिंगापूरहून सुटणारं गेंटिंग ड्रीम ३३५ मीटर लांब आहे. केबिन एका टोकाला आणि जेवणाचा हॉल दुसऱ्या टोकाला, हे सासूबाईंच्या गुडघ्यांना दिवसातून तीनदा झेपणार नाही.

माझं मत विचाराल तर दिवाळीतच जायचं असेल तर मुंबईहूनच जा. सिंगापूरला सहा विमान तिकिटं आणि सहा व्हिसा यांतच तुमच्या बजेटला मोठी भोकं पडतील, तेही ऐन दिवाळीच्या दरात. इकडे सांगलीहून रात्रीच्या गाडीने मुंबई आणि टॅक्सीने बॅलार्ड पिअर, झालं. ओळखपत्र म्हणून काय चालतं ते कंपनीकडून लेखी घ्या.

फक्त लक्षद्वीपबद्दल सावध राहा. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. बाहेर नांगर टाकतात आणि छोट्या बोटीत उतरून बेटावर जावं लागतं. लाटेबरोबर ती बोट वर-खाली होत असते आणि बरोब्बर क्षणाला पाय टाकावा लागतो. खलाशी दोन्ही बाजूंनी हात धरतात, तरी दुखऱ्या गुडघ्यांना ते अवघड आहे. समुद्र खवळलेला असला तर उतरणंच रद्द होतं. म्हणून गोवा किंवा कोची असलेली फेरी त्या तारखांना आहे का ते विचारा. मुरगावला किंवा कोचीला जहाज धक्क्याला लागतं, सासूबाई रॅम्पवरून चालत उतरतील. मुरगाव म्हणजे वास्को, हे लक्षात ठेवा. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. जहाजावरची सहल घेण्याऐवजी बाहेर येऊन सहा जणांत एक मोठी गाडी करा आणि भाव आधी ठरवा. बोगमाळोचा किनारा जवळच आहे, मुलांना तेवढा पुरतो.

आणि आजोबांना सांगा, गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला, परतताना उजव्या. क्रूझ शिप जुन्या कोकण बोटींसारखी किनाऱ्याला धरून, जयगड-विजयदुर्ग करत जात नाही, बरीच बाहेरून जाते. त्यामुळे मालवण दिसेलच असं नाही. पण खिडकी जातानाच्या डाव्या बाजूची मागितलीत तर त्यांना आवडेल, आणि त्याला जादा पैसे सहसा लागत नाहीत.

अनघा_सिंगापूर

वेंगुर्लेकरदादांशी सहमत, दिवाळीत इकडे येऊ नका. त्या आठवड्यांत भारतातून येणाऱ्या कुटुंबांची गर्दी असते, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरअखेर इथल्या शाळांना सुट्टी, म्हणजे स्थानिक लोकही क्रूझवर. सिंगापूरच हवं असेल तर मे महिन्याचे पहिले दोन-तीन आठवडे बघा. तुमच्याकडे शाळा बंद आणि इथल्या मुलांची जूनची सुट्टी अजून लागलेली नाही, असा तो काळ. विमान मात्र मेमध्येही महाग असतं, ते लवकर काढावं लागेल. मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्राच्या आडोशाला असल्याने एरवीही बरीच शांत असते.

जहाजापेक्षा बंदर बघून निवडा. पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि जॉर्जटाउनचा जुना भाग तिथून चालत जाण्याजोगा आहे. २००८ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. तिथल्या लिटल इंडियात इडली-डोसा मिळतो, गावात मोफत बसही फिरते. खर्च जवळपास शून्य. याउलट "क्वालालंपूर" असं छापलेलं असतं तेव्हा जहाज लागतं पोर्ट क्लांगला, तिथून शहर गाडीने तासाभराहून लांब. सहा जणांची सहल घ्यावीच लागते.

सिंगापूरच्या दोन्ही क्रूझ टर्मिनलना एमआरटीने (इथल्या मेट्रोने) जाता येतं: हार्बरफ्रंट, नाहीतर मरीना साउथ पिअर. कुठल्या टर्मिनलवरून आहे ते तिकिटावर नीट वाचा, लोक चुकीच्या ठिकाणी जातात. व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना हे तपासा, कारण क्रूझवरून परतताना तुम्ही सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा शिरता. एसजी अरायव्हल कार्डही (सिंगापूरमध्ये शिरताना भरायचा ऑनलाइन फॉर्म) त्या वेळी पुन्हा भरावं लागतं. ते सरकारी साइटवर फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे, निघण्याआधी ती चालू आहे याची खात्री करा. त्यांचंही ऑनलाइन अरायव्हल कार्ड असतं.

हिशेबनीस_कोल्हापूर

परदेशी पॅकेज घेतलंत तर एजंट वर टीसीएस, म्हणजे पॅकेज विकतानाच गोळा केला जाणारा आगाऊ आयकर, घेईल. तो खर्च नाही, रिटर्न भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. म्हणून ज्याचं रिटर्न नियमित भरलं जातं त्याच्या पॅनवर बुकिंग करा आणि नंतर आयकराच्या साइटवर त्या पॅनवर रक्कम जमा दिसते का ते पाहा. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं शुल्क बहुधा ३.५ टक्क्यांपर्यंत असतं, त्यावर जीएसटी. आणि परदेशी दुकानात मशीनने "रुपयांत की स्थानिक चलनात?" विचारलं तर नेहमी स्थानिक निवडा. रुपयांत घेतलं की दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो.

रेवती_सांगली

सगळ्यांचे खूप आभार. दोन केबिनचं कोटेशन मागवलं आणि फरक बघून नवऱ्याने लगेच सिंगापूरचा विषय बंद केला. गोव्याची फेरी चौकशीत आहे. दोन गोष्टी राहिल्या. सासूबाईंना पहाटे पाचला चहा लागतो, तर इलेक्ट्रिक किटली न्यायची का? आणि एजंट म्हणतो ऑफरचा आजच शेवटचा दिवस, लगेच पैसे भरा.

वेंगुर्लेकर

किटली घरीच ठेवा. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड हे आगीच्या भीतीने सिक्युरिटीला काढून घेतात आणि उतरताना परत देतात. आपल्याकडच्या प्रवाशांच्या किटल्यांचा नुसता ढीग असायचा. त्याऐवजी चांगला रिकामा थर्मास न्या. रात्री झोपण्याआधी बुफेवरून गरम पाणी भरून घ्या, किंवा स्टुअर्डला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. चहा-साखरेच्या पुड्या घरून. फळं, शिजवलेलं अन्न नको, सीलबंद खाकरा-चिवडा चालतो का तेवढं विचारून घ्या.

जहाजावर प्रत्येकाला किल्ली आणि खर्चासाठी एकच कार्ड मिळतं, त्यातली मुलांची पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसला नेऊन खर्चासाठी बंद करून घ्या. केबिनचं दार उघडायला ती चालतात, पण व्हिडिओ गेमवर टॅप होत नाहीत. मुलांच्या बिलावरून आईबापांची काउंटरवर वादावादी शेवटच्या सकाळी हमखास व्हायची. फोन सगळ्यांचेच फ्लाइट मोडवर, समुद्रातलं रोमिंग फार महाग पडतं.

"आजच शेवटचा दिवस" याला घाबरू नका. आधी विचारा: टोकन किती, बाकी रक्कम कधीपर्यंत, रद्द केलं तर कुठल्या तारखेनंतर किती कापणार, आणि बाकी भरायच्या आधी दर उतरला तर तो मिळेल का. उत्तरं व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या, मगच पैसे पाठवा. आणि त्याच मेसेजमध्ये सासूबाईंसाठी व्हीलचेअर लागेल हेही लिहून टाका. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळची वेगवेगळी मागा, कारण चढतानाची आपोआप उतरताना मिळत नाही.