मदत हवी आहे: रूट कॅनॉलमधील जुने भरण निघत नाही

दाढवाला_सोलापूर
रूट कॅनॉल झालेल्या दाढेजवळ हिरडीवर पुटकुळी येते, फुटते आणि पुन्हा भरते. आतील भरण इतके घट्ट बसले आहे की फाइल (नळी साफ करण्याची बारीक सुई) खाली सरकत नाही, तेव्हा दाढ काढा किंवा शस्त्रक्रिया करा, असे येथील दंतवैद्यांनी सांगितले. जादा पैसे मोजून घातलेले उत्तम भरण निघतच नसेल, तर ते उत्तम कसले? परवा निर्णय कळवायचा आहे.

होटगीरोडकर
दाढ वरची की खालची? भरण कशाचे? एक्स-रेमध्ये काय दिसते? हे सांगितल्याखेरीज कोण काय सांगणार?

शेंगाचटणी
माझ्या दाढेतील गट्टा-पर्चा (नळीत भरतात तो रबरासारखा पदार्थ) क्लोरोफॉर्मचे थेंब सोडून एका बैठकीत निघाला. आपल्या डॉक्टरांना तेच सुचवा.

फाइल_दहा
मी दंतवैद्य आहे. क्लोरोफॉर्म गट्टा-पर्चा विरघळवतो. मात्र सीलर, म्हणजे त्याभोवतीच्या फटी बुजवणारा लेप, बायोसिरॅमिक, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचा असेल, तर एकदा घट्ट झाल्यावर त्याच्यापुढे क्लोरोफॉर्मचे फारसे काही चालत नाही.

शेंगाचटणी
मग निलगिरीचे तेल वापरून पाहावे.

फाइल_दहा
तेही गट्टा-पर्चालाच मऊ करते, आणि क्लोरोफॉर्मपेक्षा सावकाश.

जुळेकर
एवढा खटाटोप कशासाठी? इम्प्लांट बसवा आणि कॅप झिर्कोनियाचीच घ्या; धातूची हसताना दिसते.

दाढवाला_सोलापूर
कॅपविषयी मी विचारलेलेच नाही. दाढ वरची पहिली आहे, केसपेपरवर बायोसिरॅमिक असेच लिहिले आहे. एक्स-रेमध्ये पुढच्या मुळातील पांढरी रेघ टोकाच्या बरीच अलीकडे थांबते.

फाइल_दहा
हे आधी सांगायला हवे होते. पदार्थापेक्षा तो कसा भरला, यावर बरेच अवलंबून असते. गट्टा-पर्चाची काडी टोकापर्यंत पोहोचलेली असेल, तर ती उष्णतेने किंवा फाइलने काढून तिच्याच वाटेने खाली उतरता येते, भिंतींना चिकटलेला सीलर अल्ट्रासॉनिक कंपनांच्या उपकरणाने बराचसा खरवडता येतो. काडी अलीकडेच थांबून पुढे नुसता सीलर गेला असेल, तर तेथे टणक बूच बसते. एक्स-रेमध्ये दोन्ही पांढरेच दिसत असल्याने हा फरक सहसा कळत नाही. आपली रेघच आखूड आहे, म्हणजे त्यापुढची नळी रिकामी राहिली असण्याची शक्यता आहे. शिवाय वरच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या, गालाकडील मुळात पुष्कळदा दुसरी नळी असते. तीच राहून गेली असेल, तर जुने भरण कितीही उकरले तरी पुटकुळी येतच राहील. म्हणून आधी सीबीसीटी (दातांचा त्रिमितीय एक्स-रे) स्कॅन काढावा आणि मायक्रोस्कोपखाली काम करणाऱ्या एंडोडोंटिस्टचे (रूट कॅनॉल तज्ज्ञाचे) मत घ्यावे.

होटगीरोडकर
म्हणजे शस्त्रक्रिया टाळावी?

फाइल_दहा
तसे नाही. वरून वाट मिळालीच नाही, तर हिरडी उघडून मुळाचे टोक सुमारे ३ मिलिमीटर कापतात आणि एमटीए या दंत-सिमेंटसारख्या पदार्थाने नळी त्या टोकाकडून बंद करतात. दाढ काढण्यापूर्वी हा मार्ग जरूर विचारात घ्यावा.

दाढवाला_सोलापूर
स्कॅनसाठी कॅप काढावी लागेल का? ती धातूची आहे.

फाइल_दहा
काढावी लागत नाही. धातूमुळे प्रतिमेत रेषा उमटतात, परंतु त्या बहुधा कॅपच्या पातळीवर राहतात. मुळांची टोके वाचता येतात.