खात्यातून गेलेले २३६ आणि ५९०, कार्डाची लेट फी: यातलं काय परत मागता येतं?

अनगोळ_नाका

पासबुकात एंट्री मारून आणली, त्यातल्या या ओळी. साधं बचत खातं, शाखा बेळगावातलीच.

३ तारीख: शिल्लक ३,६१०
४ तारीख: मिनिमम बॅलन्स चार्ज २३६, शिल्लक ३,३७४
५ तारीख: गाडीचा हप्ता ३,४५०, परत गेला
५ तारीख: रिटर्न चार्ज ५९०, शिल्लक २,७८४

फायनान्सवाल्यांनी त्यांच्या बाजूने बाऊन्स चार्ज लावलाय तो वेगळाच. त्याआधी मे अखेरीस ४३६ गेलेत, आणि दर तिमाहीला १७.७० जातात. क्रेडिट कार्ड दुसऱ्या बँकेचं आहे. बिलाची शेवटची तारीख ५, पैसे भरले ७ ला, तरी लेट फी ५०० आणि वर जीएसटी ९०.

काउंटरवर विचारलं तर "सिस्टीमनं कापलंय, आमच्या हातात काही नाही" एवढंच उत्तर. यातलं काय मागायचं, काय सोडून द्यायचं, आणि मागायचं तर कुणाकडे?

खडेबाजार

पहिल्यांदा प्रत्येक आकड्याला १.१८ ने भागा. बँकेच्या चार्जवर १८ टक्के जीएसटी असतो, त्यामुळे पासबुकात दिसतो तो आकडा करासकट असतो. २३६ म्हणजे २०० अधिक ३६, ५९० म्हणजे ५०० अधिक ९०, १७.७० म्हणजे १५ अधिक २.७०. मूळ आकडा हातात आला की बँकेच्या साइटवरच्या दरपत्रकात तो शोधायचा. दरपत्रकात नसलाच, तर पुढे वाद घालायचं कारणच उरत नाही, थेट परत मागा.

आता तुमचा उतारा नीट बघा. ४ तारखेला २३६ कापले नसते तर ३,६१० मधून ३,४५० चा हप्ता बिनबोभाट गेला असता. ७६ रुपये कमी पडले, ते बँकेच्याच कापण्यामुळे. म्हणून नुसतं ५९० वर भांडू नका. बँक म्हणेल शिल्लक नव्हती, आणि ते खरंच आहे. पकडायचं ते २३६ ला. ते चुकीचं ठरलं की ५९० आपोआप त्याच्यामागं येतात.

२३६ साठी तीन गोष्टी तपासा. मिनिमम बॅलन्सच्या दंडाबद्दलचा आरबीआयचा नियम २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकातून आला आणि १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे.

पहिली, आगाऊ सूचना. शिल्लक कमी झाली की बँकेनं एसएमएस, ईमेल किंवा पत्रानं कळवायचं, आणि कळवल्यापासून महिन्याभरात शिल्लक भरून आली नाही तरच दंड. दंड कापल्याचा मेसेज म्हणजे सूचना नव्हे. फोनमध्ये मागचे मेसेज आत्ताच शोधून ठेवा.

दुसरी, दंड तुटीच्या प्रमाणात हवा. पाच हजार ठेवायचे होते आणि ४,६०० होते, तर हिशेब ४०० वर. टप्पे पाडलेले चालतात, पण ४०० कमी असणाऱ्याला आणि ४,००० कमी असणाऱ्याला एकच दंड, हे चालत नाही.

तिसरी, नुसत्या या दंडामुळे बचत खातं उणेमध्ये जाता कामा नये. तुमचं गेलेलं नाही, पण दुसऱ्या कुणाचं पासबुक उणे दाखवत असेल तर त्यांनी हा मुद्दा सर्वांत वर लिहावा.

आणखी एक. बहुतेक ठिकाणी अट असते ती सरासरी शिल्लकेची, रोजच्या शिल्लकेची नव्हे. महिन्यात १० दिवस २०,००० आणि उरलेले २० दिवस ५०० असतील, तर बेरीज २,००,००० अधिक १०,०००, भागिले ३०, सरासरी ७,०००. अट ५,००० ची असेल तर दंड लागतच नाही. ज्या दिवशी व्यवहार नाही त्या दिवशी आदल्या दिवशीची शिल्लक धरायची. हे गणित कागदावर मांडून अर्जाला जोडा.

आणि ही अट अजून आहे का, हेही बघून घ्या. स्टेट बँकेनं बचत खात्यांवरचा हा दंड मार्च २०२० मध्ये काढला, कॅनरानं १ जून २०२५ पासून. सिंडिकेटची जुनी खाती १ एप्रिल २०२० पासून कॅनरातच आलीत, तेव्हा जुनं पासबुक असलेल्यांनाही हेच लागू.

कॅम्प_रहिवासी

कार्डापुरतं लिहितो.

ती लेट फी सरळ परत मागा. कार्डाबद्दलचे आरबीआयचे निर्देश २१ एप्रिल २०२२ चे. त्यानुसार शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लेट फी लावता येते. ५ ची तारीख आणि ७ ला भरणा, म्हणजे दोनच दिवस. ५०० अधिक ९०, सगळे ५९० मागा. मात्र व्याजाची ओळ आली असेल तर ती या तीन दिवसांच्या सवलतीत येत नाही. ती यात मिसळली तर अर्ज ढिला पडतो.

पैसे कधी पोचले याचा पुरावा जोडा. यूपीआयनं भरले असतील तर यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख नंबर, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. तुम्ही ७ ला भरले आणि कार्ड कंपनीकडे ९ ला जमा दिसले, तर सगळा वाद तारखेवर येऊन अडतो.

तीन दिवसांपेक्षा उशीर झाला तरी फी लावायची ती थकलेल्या रकमेवर. २४,००० च्या बिलात २३,००० वेळेत भरलेत, तर थकले १,०००. फीचा टप्पा त्या हजारावर ठरायला हवा, चोवीस हजारांवर नाही.

कार्ड बंद करायचं असेल तर बाकी आधी शून्य करा, मग लेखी विनंती द्या आणि विनंतीचा नंबर जपून ठेवा. सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये कार्डधारकाला द्यायचे असा नियम आहे. बाकी ३ रुपये जरी असली तरी हा नियम लागू होत नाही, आणि नेमका तिथंच बहुतेकांचा घोटाळा होतो. कार्ड कातरीनं कापून टाकलं म्हणजे खातं बंद होत नाही. वार्षिक फी येतच राहते.

न मागता कार्ड आलं आणि त्यावर फी लागली, तर फी परत आणि वर त्याच्या दुप्पट दंड. ओटीपी मात्र कुणाला देऊ नका. ओटीपी दिला की ती संमती धरली जाते.

निपाणीकर

४३६ चा राग बँकेवर काढू नका. तो जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता आहे. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणून दरवर्षी मे अखेरीस जातो. २० रुपये गेले असतील तर तो सुरक्षा विमा, अपघाताचा. कधीतरी शाखेत फॉर्मवर सही झालेली असते आणि माणूस विसरतो. सही आठवत नसेल तर "संमतीच्या फॉर्मची प्रत द्या" असा अर्ज करा. प्रत निघाली नाही तर पैसे परत मागायला जागा आहे. प्रत निघाली तर गेलेलं वर्ष सोडा, आणि नको असेल तर पुढच्या मे महिन्याच्या आधी बंद करायचं पत्र द्या. ४३६ मध्ये दोन लाखांचं विमाकवच आहे, तेवढं बघून ठरवा. दोन बँकांत दोनदा जात असेल तर मात्र एक नक्की बंद करा. भरपाई एकाच खात्याची मिळते.

१७.७० हे एसएमएसचे. नियम असा की चार्ज प्रत्यक्ष गेलेल्या मेसेजवर हवा, सरसकट नाही. तिमाहीत पाचच मेसेज आले असतील तर मोजून मागता येतात, पण या रकमेसाठी वेगळी फेरी मारू नका. त्याच अर्जात एक ओळ घाला.

दोन वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करायला पैसे घेता येत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची पासबुकं काढून बघा.

अनगोळ_नाका

सगळ्यांचे आभार. मेसेज शोधले. शिल्लक कमी असल्याचा एकही नाही, थेट कापल्याचाच आहे. अर्ज मराठीत चालेल का? शाखेतले साहेब कन्नड आणि हिंदी बोलतात. आणि फायनान्सच्या बाऊन्स चार्जचं काय करायचं?

शहापूर_पेठ

शाखेत मराठी अर्ज घेतला तरी तो पुढं हेड ऑफिसला जातो आणि तिथं वाचणारा मिळेलच असं नाही. इंग्रजी किंवा हिंदी बरं. भाषा साधी ठेवा. मजकूर असा असू द्या:

"माझ्या खात्यातून ४ तारखेला २३६ रुपये मिनिमम बॅलन्स चार्ज म्हणून वजा झाले. त्याआधी एक महिन्याची सूचना मला मिळालेली नाही. सूचना दिली असल्यास तिची तारीख आणि प्रत द्यावी. या वजावटीमुळे शिल्लक ३,३७४ झाली आणि ३,४५० चा हप्ता ७६ रुपयांनी परत गेला. २३६, त्यामुळे लागलेले ५९०, आणि फायनान्स कंपनीनं लावलेला बाऊन्स चार्ज, या तिन्ही रकमा खात्यात जमा कराव्यात."

फायनान्सचा चार्ज असा बँकेकडूनच मागायचा. फायनान्सवाल्यांना तुमच्या बँकेनं काय कापलं याच्याशी घेणं नाही, ते कबूल होणं अवघड. त्यांची पावती जोडा.

"चार्ज फार जास्त आहे" असं कुठंही लिहू नका. दर किती ठेवायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो, आणि त्यावर आरबीआयचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, हात घालत नाही. "नियमाप्रमाणे सूचना दिली नाही" याला मात्र उत्तर द्यावंच लागतं. नियम कोणता ते शब्दांत लिहा, नुसत्या परिपत्रकाच्या तारखेवर भिस्त ठेवू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये आरबीआयनं जुनी परिपत्रकं एकत्र करून नवे निर्देश काढलेत, आणि "ते परिपत्रक आता नाही" एवढ्यावर अर्ज टोलवला जातो.

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का देत नसतील तर तोच मजकूर बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा, तक्रार नंबर येतो. तोंडी बोलणं किंवा काउंटरवरचं भांडण तक्रारीत धरलं जात नाही. बँकेला उत्तरासाठी तीस दिवस असतात, ते मोजायचे या लेखी तारखेपासून.

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर आरबीआयचा लोकपाल. पोर्टलचं नाव सीएमएस, पत्ता सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. फी नाही, वकील नको. उलट, वकिलामार्फत केलेली तक्रार घेतच नाहीत. मोबाइलवर ओटीपी येतो, बँक निवडायची, पहिल्या तक्रारीची तारीख आणि प्रत चढवायची. तक्रारी परत येतात त्या बहुतेक दोन कारणांनी: तीस दिवस पुरे व्हायच्या आधीच घाई केली, किंवा पहिल्या तक्रारीची प्रतच जोडली नाही. तोच विषय ग्राहक आयोगात चालू असेल तरीही घेत नाहीत.

टायपिंग जमत नसेल तर कागदावर लिहून टपालानं, आरबीआयच्या तक्रारी स्वीकारणाऱ्या केंद्राला: सीआरपीसी, रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. माहितीसाठी टोल फ्री १४४४८.

आपल्या भागातल्या लोकांसाठी एक गोष्ट. खातं चंदगड किंवा कोल्हापूरच्या शाखेत आणि राहायला बेळगावात, असं असलं तरी काही अडत नाही. पूर्वी शाखा कुठल्या राज्यात त्यावर लोकपाल ठरायचा. नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशाला एकच पोर्टल आणि एकच पत्ता.

खानापूर_रोड

वरच्यात एक भर. ही वाट बँकांसाठी आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका १ नोव्हेंबर २०२५ पासून लोकपालाच्या कक्षेत आल्यात. सौहार्द आणि मल्टिस्टेट सहकारी सोसायट्या मात्र बँक नव्हेत, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. सौहार्द संस्था कर्नाटकच्या १९९७ च्या कायद्याखाली, मल्टिस्टेट २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली. सौहार्दची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे, आणि मल्टिस्टेटची दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे. सीएमएसवर टाकली तर महिना वाया.

ग्रामीण बँकेवाल्यांनीही पत्ता तपासून घ्या. धारवाडची विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत गेली, मुख्य कार्यालय आता बळ्ळारीला. जुन्या पासबुकावरच्या धारवाडच्या पत्त्यावर अर्ज धाडू नका.

आणि पैसे जमा झाले की ओळ नीट वाचा. पुष्कळदा २०० जमा करतात आणि ३६ जीएसटीचे ठेवून घेतात. चार्ज परत केला की त्यावरचा कर पण परत करायला हवा. त्यासाठी नवा अर्ज नको, त्याच तक्रार नंबरावर उत्तर म्हणून लिहा.