घोरणारा भाऊ रात्री द्राक्षाची गाडी चालवतो. झोपेची तपासणी कुठे करायची?

नमस्कार. मी तासगावची. धाकट्या भावाची कर्जावर घेतलेली पिकअप आहे. हंगामात संध्याकाळी माल भरून वाशी मार्केटला निघतो. परवा घरी येऊन म्हणाला, "अक्का, आनेवाडीचा टोलनाका कधी मागं पडला ते आठवतच नाही. सुरूरजवळ मागच्या ट्रकनं हॉर्न मारला तेव्हा भान आलं." तिथून पुढे खंबाटकीचा बोगदा आणि उतारावरची ती वळणं. ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय.

वय पस्तिशीतलं, अंगानं जाड. घोरणं पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. मध्येच घोरणं एकदम थांबतं, श्वासच बंद पडल्यासारखा वाटतो, मग दचकून जोरात श्वास घेतो. भावजय रात्रीत कितीदा तरी उठून त्याला कुशीवर वळवते. परत आल्यावर दिवसा पोटभर झोपतो, तरी उठताना डोकं जड. केस कापायला बसला तरी पेंगतो. म्हणून मला हा नुसता जागरणाचा शीण वाटत नाही.

तोंडावर पाणी मारायचं, काच खाली करायची, गाणी मोठ्यानं लावायची, तंबाखू, कडक चहा, एवढेच त्याचे उपाय. "मला सवय आहे" म्हणतो.

सांगली-मिरजेत कोणत्या डॉक्टरकडे न्यावं? आणि तपासणी होईपर्यंत गाडीवर जाऊ द्यावं का? भाडं बुडालं की हप्ता चुकतो, हेही खरं आहे.

प्रतिसाद १ (मिरज, छातीरोगतज्ज्ञ)

ताई, तुमची शंका रास्त आहे. ही लक्षणं स्लीप अ‍ॅप्नियाची असू शकतात. झोपेत घशाचा मार्ग मिटतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा करतो. रात्रीत असं पुन्हा पुन्हा झालं की तास भरतात, पण झोप होत नाही. छातीरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या आणि 'स्लीप स्टडी' करायची आहे असं स्पष्ट सांगा. एक रात्र यंत्र लावून झोपायचं असतं, काही यंत्रं घरीही लावता येतात. निदान झालं तर सीपॅप नावाचं मास्कचं यंत्र मिळतं. ते नियमित वापरलं की बऱ्याच जणांची दिवसाची पेंग खूप कमी होते. भावजयीला सोबत आणा. श्वास थांबताना तिनं पाहिलंय, त्याला स्वतःला ते कळत नाही. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केलात तर उत्तम. दारू आणि झोपेच्या गोळ्यांनी हा त्रास वाढतो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते, त्या घेत असेल तर सांगा.

तोवर रात्रीची गाडी त्यानं चालवू नये, हे माझं ठाम मत.

प्रतिसाद २ (सातारा, निवृत्त एसटी चालक)

टोलनाका आठवत नाही म्हणजे मधे डोळा लागला होता असंच समजा. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडी कुणाच्याच ताब्यात नाही. आणि झोपलेला माणूस ब्रेक मारत नाही, म्हणून असे अपघात जीवघेणे होतात.

पहाटे दोन ते सहा ही सगळ्यात वाईट वेळ, दुसरी दुपारी जेवणानंतरची, म्हणजे परतीची. पाणी-गाण्यानं घटकाभर तरतरी येते, झोप जात नाही. चहाचा असर व्हायलाही अर्धा तास लागतो. पेंग आली की ढाब्यावर किंवा पंपावर सुरक्षित जागी गाडी लावायची, चहा घेऊन वीस मिनिटं पडायचं, उठल्यावर थोडं चालायचं. पण हे निरोगी माणसाचं झालं. तुमच्या भावाला आजार असेल तर तेवढ्यानं भागणार नाही. हंगामापुरता बदली ड्रायव्हर बघा. मजुरी जाईल, पण गाडीचं भाडं सुरू राहील.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आतेभावाकडे लायसन्स आहे, आजपासून तो गाडी नेतोय. भाऊ चिडलाय, पण सोमवारी मिरजेला यायला कबूल झालाय. एकच विचारते: स्लीप स्टडीच्या रात्री भावजयीला सोबत थांबू देतात का?

प्रतिसाद १ (मिरज, छातीरोगतज्ज्ञ)

बहुतेक ठिकाणी देतात. नाव नोंदवतानाच विचारून घ्या. त्या दिवशी दुपारी त्याला झोपू देऊ नका आणि दुपारनंतर चहा बंद.