मदत हवी आहे: बर्गमॉटचा वास टिकत नाही, आणि आता मानेवर डाग पडलाय

नमस्कार मंडळी. मी भुसावळचा, नोकरी जळगावला. रोज पंचवीसेक किलोमीटर मोटारसायकल.

दिवाळीत बहिणीने पुण्याहून अर्ल ग्रे चहाचा डबा आणला होता. आईने एक घोट घेतला नि कप सरकवला, "यात सेंट ओतलं का कोणी?" माझ्या मात्र तो वास डोक्यात बसला. डब्यावर वाचलं तर बर्गमॉट, लिंबाच्या जातीचं एक फळ. मग त्याच वासाचं कोलोन मागवलं. पहिला फवारा मारला की जीव खुश! कागदी लिंबाची साल नखाने खरवडावी तसा, पण तितका झोंबरा नाही. जरा कडसर, जरा फुलासारखा. पण वाटेतलं नशिराबाद येईपर्यंत सगळं साफ. मे महिना, 44 डिग्री, मान्य आहे, तरी अर्धा तासही नाही?

मला वाटलं कोलोनमध्ये पाणीच जास्त. म्हणून शहाणपणा केला. बर्गमॉटचं तेल मागवलं, 10 मिलीची बाटली, आणि निघताना दोन थेंब थेट कानामागे. एक थेंब ओघळून कॉलरपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी तिथे जळजळ, मग लाल, आणि आता तांबूस-काळपट पट्टा. ओघळ गेला अगदी तसाच. बायको म्हणते मेंदीचा कोन फुटलाय.

माल नकली आहे का? डाग जाईल ना? लिंबू चोळून बघू का?

धुळेकर: काय करी ऱ्हायना भो तू! लिंबू अजिबात चोळू नको.

अत्तरवेडा: धुळेकर बरोबर सांगताहेत. लिंबाच्या सालीतही तीच भानगड असते. भाऊ, माल नकली नसेल, उलट तेल अस्सल असावं म्हणूनच भाजलं. बर्गमॉटच्या सालीच्या तेलात बर्गॅप्टीन असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा पोळते आणि मागे काळा डाग राहतो. पूर्वी कोलोन लावणाऱ्या बायकांच्या गळ्यावर असे लोलकासारखे डाग पडायचे, त्यावरून त्याला 'बर्लॉक' नावही पडलं. म्हणूनच उन्हात येणाऱ्या अंगावर लावायच्या वस्तूंत हे तेल 0.4 टक्क्यांपर्यंतच ठेवा, असा सुगंध-उद्योगाचा दंडक आहे. बर्गॅप्टीन काढलेलं तेलही मिळतं, बाटलीवर 'एफसीएफ' असं लिहिलेलं असतं. तुमच्यावर आहे का बघा.

आता टिकण्याचं. बर्गमॉट हा अत्तराचा दरवाजा आहे, घर नाही. त्यातले घटक भराभर उडतात, म्हणून तो सगळ्यात आधी नाकाला भेटतो आणि आधीच निरोप घेतो. कोलोनमध्ये तर सुगंधी तेल साधारण 2 ते 5 टक्केच, बाकी अल्कोहोल. 1709 मध्ये फारिना नावाच्या अत्तरवाल्याने जर्मनीतल्या कोलोन शहरात जे 'कोलोनचं पाणी' काढलं, तेही असंच ताजेपणासाठी होतं. फळ मुख्यतः इटलीच्या कालाब्रिया किनाऱ्यावर पिकतं. तिथल्या हवेसाठी ठीक, आपल्या मे महिन्यासाठी नाही. खाली जड वास हवा. वाळ्याचं अत्तर घ्या, शर्टाच्या आतल्या शिवणीला टिपका लावा आणि वरून कोलोन. पांढऱ्या शर्टावर नको, अत्तराचा डाग पडतो. मानेचा डाग कमी व्हायला महिनेही लागतात. ऊन लागू देऊ नका, रुमाल बांधा, आणि एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, दादा. बाटली पुन्हा बघितली, एफसीएफ वगैरे काही लिहिलेलं नाही. ती आता उचलून ठेवली. काल वाळ्याचं अत्तर आणलं. बर्गमॉट नशिराबादलाच उतरला, पण वाळा थेट ऑफिसपर्यंत आला. संध्याकाळी आईने शर्ट हुंगला, म्हणाली, "हां, हा बरा. माठातल्या पाण्यासारखा." डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे, तोपर्यंत रुमाल.