महायुद्धात सरावातच गेलेले वैमानिक: हे मृत्यू टळले असते का?

रानपाखरू

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाईदलातली सुमारे १५,००० माणसं मायदेशातच विमान अपघातांत गेली, त्यातली बरीचशी शिकताना. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलात, प्रशिक्षणात गेलेल्यांचा आकडा ५,००० च्या वर आहे. यावर ठरलेलं उत्तर मिळतं: युद्ध होतं, घाई होती, एवढी किंमत मोजावीच लागते. मला ते पटत नाही.

फ्लोरिडातला मॅकडिल तळ घ्या. तिथे बी-२६ मरॉडर या दोन इंजिनांच्या बॉम्बरवर नवखी पोरं तयार होत. पंख आखूड, त्यामुळे उतरताना वेग फार ठेवावा लागे. एक इंजिन बंद पडलं की नवख्याच्या हातून विमान सुटायचं. एका टप्प्यावर ३० दिवसांत १५ विमानं पडली. 'टँपाच्या खाडीत रोज एक' असं लोक म्हणू लागले. मग चौकशी झाली, पंख लांबवले, आणि एका इंजिनावरही हे विमान नीट उडतं हे अनुभवी वैमानिकांनी तळांवर जाऊन दाखवलं. युरोपात हेच मरॉडर सर्वांत कमी नुकसान सोसणाऱ्या बॉम्बरांत गणलं गेलं. समोर शत्रूच्या तोफा असताना जे जमलं, ते फ्लोरिडाच्या शांत आकाशात आधी का जमलं नाही?

दख्खनी

दाखला खरा, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा. पंख वाढले तसं विमानाचं वजनही वाढलं, म्हणजे खरा फरक शिकवण्यामुळे पडला. आणि शिकवणार कोण? १९४२ मध्ये त्या विमानावर अनुभव असलेली माणसंच मोजकी होती. चुका झाल्याशिवाय ते ज्ञान आलंच नसतं.

दुसरी बाजूही बघा. स्टालिनग्राडला वेढ्यात अडकलेल्या आपल्या फौजेला रसद पोचवायला जर्मनांनी प्रशिक्षण शाळांतली युंकर्स-५२ ही वाहतुकीची विमानं आणि त्यांचे प्रशिक्षक उचलून नेले. पुढे इंधनाच्या टंचाईने शिकाऊंचे उड्डाणाचे तास घटत गेले. १९४४ ची जर्मन पोरं अर्धीकच्ची आकाशात गेली आणि तिथेच संपली. दोस्त राष्ट्रांनी शाळा चालू ठेवल्या, अपघात सोसले, म्हणून ते जिंकले.

रानपाखरू

शाळा बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. शाळेला काय दिलं जात होतं, हा माझा प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये आघाडीवर वापरून थकलेली व्हिटली आणि वेलिंग्टन बॉम्बर विमानं शिकाऊंच्या वाट्याला यायची. शिकवणारे बहुतेक ३० मोहिमा पुऱ्या करून 'विश्रांती'साठी पाठवलेले. त्यात रात्रीचा ब्लॅकआउट (हल्ल्याच्या भीतीने सगळे दिवे बंद), ढगाळ हवा आणि वेल्सचे डोंगर. चांगलं यंत्र आघाडीला आणि झिजलेलं नवख्याला, असं कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलं होतं. त्याला नशीब म्हणू नका.

माळरान

इथे मेबल रॉलिन्सनचं नाव यायलाच हवं. 'वास्प' या अमेरिकी महिला वैमानिक दलातली. २३ ऑगस्ट १९४३ च्या रात्री नॉर्थ कॅरोलायनात कॅम्प डेव्हिस इथे सरावात तिचं ए-२४ विमान कोसळलं. पुढच्या भागाने पेट घेतला, कॉकपिटचं झाकण आतून उघडेना. मागे बसलेला प्रशिक्षक बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. ती जळून गेली. या दलातल्या ३८ जणी गेल्या. त्यांना सैनिक मानलंच नव्हतं, त्यामुळे शवपेटी घरी पाठवायला मैत्रिणी वर्गणी काढत. सैनिकाचा दर्जा मिळाला १९७७ मध्ये. याला 'युद्धाची किंमत' म्हणणाऱ्यांनी ती कुणाकडून वसूल केली तेही सांगावं.

दख्खनी

मेबलच्या बाबतीत मी वाद घालणार नाही. झाकणाची बिघडलेली कडी वेळेवर दुरुस्त न करणं हा गुन्हाच आहे. पण त्या एका कडीवरून सगळ्या यंत्रणेला निष्काळजी ठरवू नका. कॅनडात ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या हवाई प्रशिक्षण योजनेत १,३०,००० च्या वर हवाई सैनिक तयार झाले, शिकताना ८५६ गेले, आणि योजना संपेपर्यंत उड्डाणाच्या तासांमागे प्राणघातक अपघातांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. वेल्समध्ये लँडव्रॉग तळावर डोंगरातल्या अपघातग्रस्तांना शोधायला पथक उभं राहिलं, त्यातूनच ब्रिटिश हवाईदलाची डोंगरी बचावसेवा सुरू झाली. पर्वा नसलेली माणसं हे करत नाहीत.

रानपाखरू

लँडव्रॉगचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. ते पथक जॉर्ज ग्रॅहॅम या तळावरच्या डॉक्टरने स्वतःच्या पुढाकाराने बांधलं. विमानं त्या डोंगरांवर आधीपासून आदळत होती, जखमी पोरं थंडीत पडून राहत होती. डोंगर नकाशावर होते, हवा कशी असते तेही ठाऊक होतं. दोर, स्ट्रेचर आणि डोंगर चढू शकणारी माणसं पहिल्या दिवसापासून तिथे ठेवायला कुठलं नवं ज्ञान लागणार होतं?

माळरान

दख्खनी, निम्म्यावर आलेल्या प्रमाणाचं श्रेय यंत्रणेला देताना एवढं तरी मान्य करा की आधीचं दुप्पट प्रमाणही तिच्याच खात्यावर जातं.